महाडच्या मांडवातले भाषण आणि मांडवाबाहेरचे श्रोते

२४ डिसेंबर १९२७ रोजी ‘पद्मावती’ ही आगबोट मुंबईहून निघाली, तेव्हा तिच्यावर डॉ. भीमराव आंबेडकर आणि महाडच्या परिषदेला निघालेले सुमारे दोनशे प्रतिनिधी होते. रात्रीचा मुक्काम हरिहरेश्वरला झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, सावित्रीच्या खाडीने आत येत, मंडळी दासगाव बंदराला उतरली. बंदरावर हजारो माणसे वाट पाहत होती. पोलीस अधिकारीही होते आणि त्यांच्याजवळ कलेक्टरांचा निरोप होता : महाडात पोचताच येऊन भेटावे. दासगाव ते महाड पाच मैल. मिरवणूक घोषणा देत पायी निघाली. संध्याकाळी मांडवात बाबासाहेब बोलायला उभे राहिले, तेव्हा समोर दहा हजारांच्या आसपास समुदाय होता. मांडव उभा होता एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर, कारण गावातला एकही हिंदू जागा द्यायला तयार नव्हता.

त्या संध्याकाळचे भाषण ऐकणारे एवढेच नव्हते. महाडच्या पेठेतले व्यापारी आणि भिक्षुक कान देऊन होते. कलेक्टर होते, पुण्याचे वृत्तपत्रकार होते, ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी होते, आणि दूर साबरमतीला गांधीजींपर्यंतही महाडची वार्ता पोचत होती. भाषण एकच होते, पण प्रत्येकाने आपापल्या जागेवरून ऐकले. त्यांनी काय ऐकले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय ऐकलेच नाही, याचा माग काढला की महाडच्या सत्याग्रहाची वेगळीच उंची दिसते.

गोष्ट चार वर्षे आधीपासून सुरू होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला : सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपला ठराव करून गावातले चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. पालिकेत त्यासाठी झटणारे सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे महाडकरांचे सुरबानाना. तीन वर्षे हा ठराव दप्तरात पडून राहिला. तळ्यावर जाण्याची कुणाची छाती झाली नाही आणि कुणी नेलेही नाही.

मुहूर्त महाडचाच का लागला, यालाही कारण आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, हा दक्षिणेकडचा भाग आणि लगतची रत्नागिरी ही महार पलटणींची भूमी. फौजेतून परतलेला पेन्शनर लिहायला वाचायला शिकून आलेला असे, त्याला कवायत ठाऊक असे आणि आपला मानही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक निवृत्त सैनिक. त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार विचारला, तो १८८८ साली. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, पण स्वाभिमानाची ती पेरणी वाया गेली नव्हती. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड, सुरबानाना टिपणीस, अनंत विनायक चित्रे अशा मंडळींनी १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवली, ती या जमिनीवर. परिषदेसाठी पाणीसुद्धा विकत घ्यावे लागले.

मार्चचे भाषण आणि डिसेंबरचे भाषण ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत असे मला फार वाटते. मार्चमध्ये बाबासाहेबांनी आपल्याच माणसांना हाक दिली. दापोलीतल्या बालपणीच्या आठवणी सांगितल्या. कोकणातला महार समाज एके काळी कसा वर आला होता आणि भरती बंद झाल्यावर कसा खाली गेला ते सांगितले. मृत जनावराचे मांस टाका, उष्ट्यापाष्ट्याची आशा सोडा, वतनाच्या भाकरीवर जगू नका, शेती करा, मुलांना आपल्यापेक्षा वर चढवा. जे ऐकत होते त्यांना हे बोलणे कडक वाटले असेल, पण परके वाटले नाही, कारण बोलणारा त्यांच्यातलाच होता.

त्या परिषदेतली एक लहानशी हकीकत पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. विषयनियामक समितीत गावातले काही सवर्ण पुढारीही होते. अस्पृश्यांना पाणवठे मोकळे करावेत, नोकऱ्या द्याव्यात, मदत करावी या सगळ्याला त्यांनी होकार दिला. अडले ते एकाच ठिकाणी : मिश्रविवाहाची जबाबदारी त्यांनी घेतली नाही. ही माणसे वाईट नव्हती. ज्या काळात परिषदेच्या मांडवाकडे फिरकणेही धाडसाचे होते, त्या काळात ती तिथे आली होती. पण त्यांच्या उंबरठ्यापाशी त्यांची दृष्टी थांबली. बाबासाहेबांनी ते टिपले आणि नऊ महिन्यांनी त्याला उत्तर दिले.

२० मार्चला परिषद संपताना चित्र्यांनी सुचवले की पालिकेने तळे खुले केलेच आहे, तर आता सर्वांनी जाऊन पाणी घ्यावे. लोक उठले, रांगेने बाजारपेठेतून गेले, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागून शेकडो ओंजळी भरल्या. पाणी पिऊन मंडळी शांतपणे परतली. घडले ते एवढेच.

गावाच्या डोळ्यांना मात्र भलतेच दिसले. तासा-दोन तासांत अफवा पसरली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. ना कुणी देवळाकडे गेले होते, ना तसा विचार कुणी बोलून दाखवला होता. पण ज्याला तळ्यावरचा माणूस मुळात माणूस म्हणून दिसतच नाही, त्याला पाण्याला लागलेला हात देवाच्या गाभाऱ्यापर्यंत पोचलेलाच भासतो. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव जेवत असलेल्या प्रतिनिधींवर तुटून पडला. वीसेक जण जबर जखमी झाले. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डाक बंगल्यात बाबासाहेबांभोवती माजी सैनिक जमले होते. बाबासाहेबांनी एक शब्द टाकला असता तर महाडची पेठ उलटीपालटी झाली असती. तो शब्द त्यांनी टाकला नाही. पुढे कोर्टात पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याचे मात्र १०८ घागरी दूध, दही, गोमय आणि गोमूत्र घालून मंत्रघोषात शुद्धीकरण करण्यात आले.

या एका दिवसाला जे पडसाद उमटले, त्यांत जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राची वैचारिक मोजणी होऊन जाते. पुण्याच्या ‘भाला’ पत्राने मार खाल्लेल्यांनाच दम भरला. ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर पाठिंबा द्यायला पुढे आले, पण अट घालून : सत्याग्रहात ब्राह्मण नकोत. त्यांच्या जागेवरून पाहिले तर ही अट तर्कशुद्धच होती, त्यांची सगळी लढाई पुण्याच्या भिक्षुकशाहीशी होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. आपला विरोध ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाला नाही, ब्राह्मण्याने ग्रासलेल्या वृत्तीला आहे, आणि ती वृत्ती कुठल्याही जातीत असू शकते, अशी त्यांची भूमिका होती. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, चित्रे आणि टिपणीस कायस्थ. त्यांना बाहेर काढून मिळणारा मोठा पाठिंबा बाबासाहेबांना नको होता. एकट्या पडलेल्या पुढाऱ्याने असा सौदा नाकारणे ही साधी गोष्ट नाही.

गांधीजींचा प्रतिसाद सर्वांत सहृदय होता. २८ एप्रिल १९२७ च्या ‘यंग इंडिया’त त्यांनी महाडवर लिहिले. मार खाऊनही अस्पृश्यांनी जो संयम राखला, त्याची त्यांनी वाखाणणी केली. कायदेमंडळाचा आणि पालिकेचा ठराव कसोटीला लावण्यात डॉ. आंबेडकर पूर्णपणे न्याय्य होते, असेही स्पष्ट म्हटले. हे छोटे नव्हते. डिसेंबरच्या मांडवात एकच तसबीर लावलेली होती, ती गांधीजींची, आणि त्यांच्या नावाचा जयजयकारही तिथे झाला. पुढे दोघांत आलेल्या कटुतेच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना हे आज खरेही वाटत नाही. पण त्या लेखातही गांधीजींना दिसले ते तहान भागवायला तळ्यावर गेलेले लोक. दया त्यांच्या जागेवरून सहज दिसत होती. तळ्याकाठी काय मागितले जात होते ते मात्र त्या शब्दात मावत नव्हते.

या सगळ्यांना उत्तर द्यायला बाबासाहेबांजवळ साधन होते. तळ्याच्या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या पाक्षिकाचे रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत. आपल्या कृतीचा अर्थ दुसऱ्यांनी लावावा आणि आपण तो निमूट वाचावा, हे त्यांना मान्य नव्हते.

ऑगस्टमध्ये महाड पालिकेने तळे खुले करणारा ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. सनातनी मंडळी दिवाणी कोर्टात गेली, तळे सार्वजनिक नाहीच असा दावा लावला, आणि परिषदेच्या ऐन तोंडावर, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ तारखेला बाबासाहेब बोलायला उभे राहिले ते असे, एका हाताला कोर्टाचा हुकूम आणि दुसऱ्या हाताला तळ्याकडे निघायला अधीर झालेला जनसमुदाय.

भाषणाच्या सुरुवातीलाच त्यांनी तहानेचा प्रश्न निकालात काढला. चवदार तळ्याचे पाणी न पिता आपण आजवर मेलो नाही आणि ते प्याल्याने अमर होणार नाही. आपण जातो ते इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, समतेची मुहूर्तमेढ रोवण्यासाठी. सहानुभूतीने पाहणाऱ्यांना आणि द्वेषाने पाहणाऱ्यांना, दोघांनाही हे एकच उत्तर होते.

मग ते थेट फ्रान्सला गेले. व्हर्सायला १७८९ साली भरलेली राष्ट्रसभा आणि महाडची ही सभा यांची त्यांनी तुलना मांडली. समोर कोण बसले होते याचा विचार करा. कोकणातले कूळ, मुंबईच्या गिरणीतले कामगार, पेन्शनर सुभेदार-जमादार, अक्षरओळख नसलेल्या बाया. त्यांना सोळाव्या लुईचा काळ कशाला सांगायचा, असे कुणालाही वाटेल. मला हा त्या भाषणातला सर्वांत थोर क्षण वाटतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला तोवर सगळ्यांनी सांगितले होते की तो याचक आहे, कुणाच्या दयेचा विषय आहे, फार तर सुधारणेचा. बाबासाहेबांनी त्याला सांगितले की तू एका राष्ट्राची घडण नव्याने करायला बसलेला सभासद आहेस. मोडकळीला आलेला समाज सावरण्याचे जे काम त्या फ्रेंच सभेकडे आले होते, तेच काम तुझ्याकडे आले आहे. श्रोत्याची बसण्याची जागाच त्यांनी बदलून टाकली.

फ्रान्सच्या दाखल्यात एक इशाराही होता, आणि तो मांडवाबाहेरच्यांसाठी होता. त्या राज्यक्रांतीतल्या रक्तपाताचा दोष राष्ट्रसभेला देणारे विसरतात की राजाने आणि सरदारांनी वेळीच समजूतदारपणा दाखवला असता तर ती क्रांती शांततेने झाली असती. आपले काम शांततेने होईल की नाही, हे आपल्यापेक्षा विरोध करणाऱ्यांच्या वागण्यावर अवलंबून आहे, असे त्यांनी बजावले.

मार्चमध्ये सवर्ण पुढारी जिथे अडले होते, त्या जागेकडे त्यानंतर ते वळले. अस्पृश्यता पाणवठ्यावर दिसते म्हणून तिचे मूळ पाणवठ्यावर आहे असे नाही. भेटबंदी उठली, रोटीबंदी उठली, तरी बेटीबंदी राहिली तर घराबाहेरची अस्पृश्यता जाईल आणि घरातली तशीच राहील. तेवढ्यावर थांबलो तर अतिशूद्राचा शूद्र होईल, याहून अधिक काही साधणार नाही. मूळ उपटायचे तर जातीजातींमधली लग्नाची भिंत पाडली पाहिजे. आणि हे हिंदू समाजाच्या बळासाठीही आवश्यक आहे, असे ते आग्रहाने सांगत होते. तळे हे निमित्त होते. भाषणाचा गाभा हा होता.

त्या रात्री सहस्रबुद्ध्यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. ज्वाळा दिसल्या आणि भाषण मागे पडले. विरोधकांनी ग्रंथ जाळल्याची ओरड केली, आणि सुधारकी वृत्तीच्या कित्येकांनाही ते कृत्य भडक वाटले. बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारता’तून विचारले की परदेशी कापडाची होळी ज्यांना समजते, त्यांना ही होळी का समजू नये. प्रश्न बिनतोड होता. कापडाच्या होळीत आपला देश दिसणाऱ्याला या होळीत आपला धर्म जळताना दिसत होता, कारण या वेळी तो स्वतः दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याच सभेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. पुरोहिताचा धंदा जन्मावर न ठेवता पात्रतेवर ठेवावा, असाही ठराव झाला. त्यांची चर्चा फारच थोड्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी जवळजवळ चार हजार जणांनी सत्याग्रही म्हणून नावे नोंदवली. मग कलेक्टर मांडवात आले आणि कोर्टाचा हुकूम मोडू नका असे सांगून गेले. त्यांच्या खुर्चीतून हा शांतताभंगाचा प्रश्न होता. २७ तारखेला बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव आणला. सनातन्यांशी भांडताना सरकारशीही भांडण ओढवून घ्यावे, हेच विरोधकांना हवे होते, आणि ते त्यांना द्यायचे नव्हते. आदल्या दिवशी नावे दिलेल्या हजारोंना हे समजावणे किती अवघड गेले असेल! लोकांनी ऐकले. तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढून ते परत आले. ज्यांनी पुढाऱ्यावर इतका विश्वास टाकला, त्यांनी भाषण नीट ऐकले होते यात शंका नाही.

त्याच दिवशी त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. मुलींना शाळेत घाला, अंगावरचे जातीची खूण सांगणारे जडशीळ दागिने सोडा, लुगडे सवर्ण बायकांसारखे घोट्यापर्यंत नेसा. या भाषणाला मिळालेला प्रतिसाद कुठल्या अग्रलेखात आला नाही. तो बायकांनी लगेच लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलून दिला. दोन्ही परिषदांनंतर जो निर्मळ, विनाविलंब प्रतिसाद मिळाला तो हाच, असे मी मानतो.

तळ्याचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. खालच्या कोर्टाने १९३१ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, अपील झाले, ते फेटाळले गेले, पुन्हा अपील झाले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचा निर्णय दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. अनादिकाळापासूनची जी वहिवाट फिर्यादी सांगतात ती त्यांना शाबीत करता आलेली नाही, असे त्यांनी ठरवले. ती शाबीत झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, हे कदाचित पाहावे लागले असते, असेही नमूद केले आणि तो मुद्दा तिथेच सोडला. तळे मोकळे झाले ते पुरावा तोकडा पडला म्हणून. डिसेंबरात मांडवात विचारलेला प्रश्न, अशी वहिवाट असावीच का, हा कोर्टापुढे आलाच नाही.

तो आला घटना समितीपुढे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब सभागृहात होते, आणि सभासदांनी त्या क्षणी गांधीजींचा जयजयकार केला. महाडच्या मांडवातही हीच घोषणा झाली होती, पण मधल्या एकवीस वर्षांत पुणे करार होऊन गेला होता आणि धर्मांतराची येवल्याची घोषणाही. तो जयजयकार त्या सभागृहात बसून ऐकताना बाबासाहेबांच्या मनात काय आले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. कलमाने पाणवठा, देऊळ, दुकान, हॉटेल, शाळा यांच्या दारांना कायद्याचा हात पोचला. बेटीबंदीपर्यंत तो पोचत नाही. ती भिंत पाडायला त्या मांडवातून सर्वांना सांगितले गेले होते, आणि आजही रविवारच्या वृत्तपत्रात ‘वधू पाहिजे’, ‘वर पाहिजे’ची पाने जातीच्या मथळ्यांखाली छापली जातात.